राब ते युरिया : भाताच्या खताचा इतिहास

आपल्याकडे व्याख्यानांचा हंगाम चैत्र-वैशाखात येतो. शहरात उन्हे कलल्यावर श्रोते सभामंडपात जमू लागतात, त्याच दिवसांत घाटाखाली आणि मावळात भातशेतकरी राब भाजीत असतो. उन्हाळ्यात पुण्याहून मुंबईस आगगाडीने गेलेल्या प्रवाशाने बोरघाट उतरल्यावर दुतर्फा पिवळ्या पडलेल्या खाचरांत मधूनच काळे चौकोन पाहिलेले असतात. पुष्कळांस ते वणव्याचे डाग वाटतात. वस्तुतः आपल्या ताटातल्या भाताचा आरंभ तेथे होत असतो.

भाताला शेणखत-पाल्यासारखे सेंद्रिय खत चांगले की कारखान्यातले रासायनिक, हा वाद आता नवा राहिलेला नाही. एक पक्ष म्हणतो की पोत्यातल्या खताने जमिनीचा कस गेला, पाणी नासले आणि शेतकरी कर्जात बुडाला. दुसरा पक्ष म्हणतो की शेणापाल्यावर विसंबून राहिलो असतो तर या देशाला दरवर्षी तांदळासाठी परक्यांच्या दारी उभे राहावे लागले असते. दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. आम्हांस येथे कोणाची वकिली करावयाची नाही. इतिहास चाळताना आम्हांस असे दिसून आले, की या वादात एक साधा प्रश्न मागे राहून जातो. खाचरात जे घातले जाते ते मुळात कोठून आणले जाते, आणि ते आणण्याचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो? या प्रश्नाचा माग काढीत गेले म्हणजे दोन्ही खतांची योग्यता अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम राबाचीच हकीकत पाहू. भाताची रोपे ज्या लहानशा तुकड्यात वाढवावयाची त्यावर शेतकरी शेणाचा थर देतो. त्यावर ऐन-किंजळासारख्या झाडांचे टहाळ, त्यावर गवत व पातेरा, आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर असतो. मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. अशी भाजावळ झाली की पहिल्या पावसात त्या राखेवर बी पेरतात. या तुकड्याला कोठे राब म्हणतात, कोठे दाढ. तेथे उगवलेल्या रोपांना कोठे तरवा म्हणतात, कोठे आवण. तीन-चार आठवड्यांनी रोपे उपटून चिखल केलेल्या खाचरात लावतात. ज्या प्रदेशात पाऊस सत्तर-ऐंशी दिवसांत शंभर इंचांवर कोसळतो, तेथे तण मारून जोमदार रोप वेळेवर हाती येणे यावर सारे वर्ष अवलंबून असते.

हे साहित्य खाचरातून येत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयाचे. शेण येते गोठ्यातून, आणि गोठा जगतो डोंगरावरच्या चाऱ्यावर. टहाळ आणि गवत येते वरकस जमिनीतून व रानातून. एका खाचरामागे उभा असलेला डोंगराचा उतार हा त्या खाचराचाच भाग होय, अशी समजूत आमच्या पूर्वजांची होती आणि ती अगदी व्यवहाराची होती. म्हणून तर कोकणात भाताच्या जमिनीबरोबर राबासाठी वरकस राखण्याची चाल पडली. डोंगर खाचराला पोशीत असे. डोंगराला कोण पोशीत होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नसे. लोकसंख्या विरळ होती आणि रान मोठे होते, तोवर तो विचारण्याची गरजही नव्हती.

ही गरज एकोणिसाव्या शतकात उत्पन्न झाली, आणि ती शेतकऱ्याने निर्माण केली नव्हती. आगगाडीला लाकूड हवे होते. वाढत्या मुंबईला इमारती लाकूड व सरपण हवे होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रान मोठ्या प्रमाणावर राखीव झाले आणि टहाळ तोडण्यावर निर्बंध आले. जंगल खात्याच्या दृष्टीने राब म्हणजे झाडांचा नाश होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने टहाळ बंद म्हणजे रोप बंद, आणि रोप बंद म्हणजे भात बंद. गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमणे भाग पडले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. त्या वादात जंगल खात्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. दरसाल फांद्या छाटलेले झाड खुरटते हे कोणीही पाहू शकतो. परंतु जुने साधन काढून घेताना त्याच्या जागी काय द्यावयाचे, याची तजवीज कोणी केली नव्हती. ही गोष्ट आमच्या विवेचनात पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून ती येथेच नोंदवून ठेवतो.

याच सुमारास, १८८९ च्या अखेरीस, इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर हिंदुस्थानात आले. देशभर हिंडून त्यांनी लिहिलेला अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. इकडच्या शेतकऱ्यास अडाणी समजून उपदेश करण्याची त्या काळची रीत होती. व्होल्कर यांनी ती मोडली. येथला शेतकरी सर्वसाधारण इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत सरसच आहे. त्याला उणीव आहे ती साधनांची, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. शेण गोवऱ्या करून जाळले जाते याचे कारण आळस नसून सरपणाची टंचाई हे होय, आणि गावाजवळ सरपण व चारा देणारी राने लावल्याशिवाय शेण शेतात जाणार नाही, हे त्यांचे प्रतिपादन आजही वाचण्याजोगे आहे. खताचा प्रश्न चुलीपाशी सुरू होतो हे त्यांनी ओळखले होते.

पुढे १९१२ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबपद्धतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेत नाही, माती तापण्यातही आहे, ही गोष्ट अशा अभ्यासांतून पुढे आली. तापलेल्या मातीतील काही अन्नद्रव्ये रोपास लगेच घेता येतील अशा विद्राव्य रूपात येतात, आणि तणाचे बी जळून जाते. हा झाला लाभ. तोटा असा की शेणात व पाल्यात असलेले बहुतेक नत्र धुराबरोबर उडून जाते. राखेत पालाश, चुना आणि थोडे स्फुरद उरते. ज्याची भाताला सर्वांत अधिक गरज, तेच आपण वाऱ्यावर सोडून देत होतो. तेव्हा जुनी पद्धत सर्वथा निर्दोष होती असे मानण्याचे कारण नाही. ती तिच्या परिस्थितीत शहाणपणाची होती, एवढेच म्हणता येते.

आता नत्राचे हे ज्ञान आले कोठून, हे पाहण्यासाठी थोडा वेळ युरोपात जाणे भाग आहे. १८४० साली जर्मन रसायनज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांनी आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. वनस्पती मातीतील कुजलेले द्रव्य जसेच्या तसे खात नाहीत, त्यांना खनिज क्षार लागतात, हा त्याचा गाभा होता. नत्र मात्र हवेतून पुरेसे मिळते असे त्यांनी धरले, आणि तेथे ते चुकले. इंग्लंडात जॉन लॉझ यांनी हाडे व खनिज फॉस्फेट आम्लात विरघळवून सुपरफॉस्फेट करण्याचे पेटंट १८४२ साली घेतले, आणि पुढच्याच वर्षी गिल्बर्ट यांच्या साह्याने रॉथमस्टेड येथे गव्हाचे प्रयोग सुरू केले. नत्र न दिलेल्या वाफ्यांनी लीबिख यांची चूक उघड केली. परंतु त्याच शेतात एका वाफ्यास दरसाल एकरी चौदा टन शेणखत दिले जात होते, आणि तोही वाफा रासायनिक खताच्या चांगल्या वाफ्यांच्या बरोबरीने पिकत होता. म्हणजे शेणखत हरले असा पुरावा त्या प्रयोगाने दिला नाही. एकरी चौदा टन शेणखत दरसाल आणावयाचे कोठून, एवढाच प्रश्न त्याने ठेवला. आणि ज्यांना रासायनिक खताचा जनक म्हणतात त्या लीबिख यांनीच उत्तरायुष्यात शहरांचा मैला समुद्रात सोडून देणाऱ्या युरोपला दोष दिला, आणि तो शेतास परत करणाऱ्या चीन-जपानची वाखाणणी केली. आजच्या वादात त्यांना एकाच पक्षाचे म्हणून ओढणारांनी ही बाजूही पाहावी.

रॉथमस्टेडचे धडे गव्हाचे होते. भाताचे शेत निराळे, कारण ते पाण्याखाली असते. १९१३ सालापासून हॅरिसन व सुब्रह्मण्य अय्यर यांनी मद्रास इलाख्यात भातखाचरांच्या चिखलातून निघणाऱ्या वायूंचा अभ्यास केला. चिखलात प्राणवायू नसल्यामुळे तेथे मिथेन तयार होतो आणि पाण्याच्या तळाशी, मातीच्या पृष्ठावर शेवाळाचा जो पातळ थर असतो तो या सर्व घडामोडींत भाग घेतो, असे त्यांस आढळले. १९३९ साली प. कु. डे यांनी दाखविले की खाचरातील नील-हरित शेवाळे हवेतले नत्र बांधून ठेवतात. काहीही खत न घालता पिढ्यान्‌पिढ्या भात थोडाबहुत का होईना येतच राहतो, या जुन्या नवलाचा उलगडा येथे होतो. पाणी हेच भाताचे पहिले खत होय, असे म्हटले तरी चालेल. मात्र या आधारावर येणारे पीक थोडे असते. घरचे खाऊन बाजारात नेण्याइतके नव्हे.

पाण्याखालच्या या मातीने रासायनिक खतालाही आपल्या अटी घातल्या. नायट्रेट-स्वरूपातले नत्र खाचरात टिकत नाही. त्याचे वायूत रूपांतर होऊन ते उडून जाते. अमोनियाच्या स्वरूपातले नत्र चिखलात टिकते, पण ते वरवर टाकले तर पृष्ठभागाच्या हवेशीर थरात त्याचे नायट्रेट होते आणि मग त्याचीही तीच गत होते. शिओइरी प्रभृती जपानी शास्त्रज्ञांनी १९४० च्या आसपास हे उलगडले आणि खत चिखलात खोल घालावे असा उपाय सांगितला. सांगावयाचे हे की भाताच्या शेतात खत किती, याइतकेच ते कोठे आणि केव्हा, याला महत्त्व आहे. युरिया वरून फेकला तर त्यातील तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के नत्र पिकाच्या पदरात पडते. बाकीच्याचे पैसे आपण हवेस आणि ओढ्यास देतो.

जपानचे नाव निघाले आहे तर त्याचा इतिहासही पाहू, कारण पुढे तो आपल्या गावांपर्यंत आला. जपानात तोकुगावा काळापासूनच शेतकरी खत विकत घेत असे. सुकविलेली मासळी, तेलबियांची पेंड आणि एदो शहराचा मैला यांचा रीतसर बाजार होता. पैसे देऊन घ्यावयाच्या खताला तेथे वेगळे नावच होते. ही सर्व खते सेंद्रिय होती, पण ती घरची नव्हती. समुद्र आणि शहर मिळून खाचरास पोशीत होते. विसाव्या शतकात मांचुरियाच्या सोयाबीन पेंडीची आणि मग अमोनियम सल्फेटची भर पडली. म्हणजे रासायनिक खत आले तेव्हा जपानी शेतकऱ्याला विकतच्या खताचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. त्याने कंपोस्ट टाकून पोते घेतले नाही. कंपोस्टावर पोत्याची जोड दिली.

हिंदुस्थानात कंपोस्टाचा शास्त्रशुद्ध विचार झाला तो इंदूरला. १९२४ साली तेथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्रमिश्रित माती व राख यांच्यापासून काही महिन्यांत खत करण्याची पद्धत बसविली. १९३१ सालचा त्या विषयावरचा ग्रंथ हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांच्याही नावावर आहे. सेंद्रिय शेतीच्या जागतिक चळवळीत हॉवर्ड यांचे नाव गाजले, वाड यांचे मागे पडले. महाराष्ट्रातील वाचकाने ते लक्षात ठेवावे. जमिनीतून घेतले ते जमिनीस परत द्या, हे हॉवर्ड यांचे सूत्र बिनतोड आहे. पण त्याला व्यवहाराची बाजूही आहे.

ती बाजू आकड्यांनी मांडू. चांगल्या मुरलेल्या शेणखतात शेकडा अर्धा भाग नत्र असते. युरियात शेकडा ४६ भाग असते. म्हणजे युरियाच्या ४५ किलोंच्या एका पोत्यात सुमारे २० किलो नत्र, आणि तेवढेच नत्र चार टन शेणखतात. बैलगाडीत अर्धा टन धरला तर आठ गाड्या झाल्या. शिवाय शेणखतातले नत्र पहिल्या हंगामात सगळे मिळत नाही. पाऊण हिस्सा पुढच्या वर्षांसाठी मातीत राहतो. हेक्टरी पाच टन भात काढावयाचा तर पीक शंभर किलोंच्या आसपास नत्र उचलते. ज्याच्या गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस आहे त्याने हा मेळ कसा घालावा? याउलट शेणखतात स्फुरद, पालाश, जस्त यांसारखी इतर द्रव्ये असतात, ते माती भुसभुशीत ठेवते आणि जिवाणूंना अन्न पुरवते. युरियाच्या पोत्यात नत्रावाचून दुसरे काही नाही. एकाची अडचण वाहण्याची, दुसऱ्याची अपुरेपणाची. हे दोघे एकमेकांचे शत्रू आहेत, असे या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या घडामोडी पुष्कळांच्या घरच्या आठवणीतल्या आहेत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने देश हादरला होता. १९४६ साली कटकला मध्यवर्ती भातसंशोधन संस्था निघाली. सिंद्रीच्या कारखान्यात १९५१ च्या अखेरीस अमोनियम सल्फेट तयार होऊ लागले आणि १९५२ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी त्याचे उद्‌घाटन केले. त्याच सुमारास मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात जपानी पद्धतीच्या भातशेतीचे प्रयोग झाले, आणि १९५३ पासून केंद्र सरकारने तिचा देशभर प्रसार आरंभिला. विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख तेव्हा कृषिमंत्री होते आणि त्यांनी ही मोहीम स्वतःची मानली. मिठाच्या पाण्यात बी निवडणे, गादीवाफ्यावर रोपे करणे, बी थोडे वापरणे, ओळीत लावणी, कोळपणी आणि भरपूर खत, अशी ती पद्धत होती. यातल्या खताच्या कलमात कंपोस्ट किंवा हिरवळीचे खत आणि त्यावर अमोनियम सल्फेट व सुपरफॉस्फेट, असे दोन्ही होते. गावोगावच्या प्रात्यक्षिकांत पीक वाढलेले लोकांनी पाहिले. परंतु कंपोस्टाला खड्डा, पाला आणि मजुरी लागते, पोत्याला सोसायटीची चिठ्ठी पुरते. पुढे काय मागे राहिले आणि काय टिकले, हे सांगावयास नको.

आणखी एक अडचण निघाली. आमची जुनी भातवाणे उंच वाढणारी. त्यांना नत्र अधिक दिले की ती माजत, आणि दाणा भरण्याच्या वेळी आडवी होत. यात वाणांचा दोष नव्हता. थोड्या खतात, खोल पाण्यात, जनावरांना पेंढाही देतील अशीच ती शेतकऱ्यांनी शतकानुशतके निवडली होती. खुज्या जातींनी हे चित्र पालटले. तैवानची तायचुंग नेटिव्ह-१ आपल्याकडे १९६४-६५ च्या सुमारास आली, फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आय. आर.-८ हा वाण १९६६ साली बाहेर पडला, आणि १९६८ साली आपला ‘जया’ वाण आला. हे वाण दिलेले खत पचवून उभे राहत. देश तांदळाच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा राहिला तो यांच्यामुळे, सिंचनामुळे आणि पोत्यातल्या खतामुळे. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण त्याच वर्षांत इशाराही मिळाला होता. १९६६ साली पंतनगर येथे डॉ. नेने यांनी तराईतल्या भातावर पडणाऱ्या ‘खैरा’ रोगाचे कारण शोधून काढले. ते कारण म्हणजे जस्ताची उणीव. अधिक पीक घेताना आपण मातीतून केवळ नत्र-स्फुरद-पालाश काढीत नाही, तर कधी हिशेबात न धरलेली द्रव्येही काढतो, आणि पोत्यातून ती परत जात नाहीत. त्यावरचा उपायही पुन्हा रासायनिकच निघाला, जस्ताच्या सल्फेटची फवारणी. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे खतांच्या किमती सरकारने बांधल्या. २०१० साली स्फुरद व पालाशाच्या खतांना नवे अनुदान-धोरण लागू झाले आणि युरिया त्यातून वगळला गेला. युरिया स्वस्त राहिला, बाकीची खते महागली. मग शेतकऱ्याने युरियाच अधिक टाकला, तर त्याला अडाणी कसे म्हणावे? दुकानातला भाव पाहूनच तो चालला होता.

१९७० नंतर आपल्या देशात अनेक केंद्रांवर सुरू झालेल्या दीर्घकालीन खतप्रयोगांनी या सर्वांवर शांतपणे निकाल दिला आहे. नुसते नत्र दिलेले वाफे काही वर्षांनी खचले. संतुलित रासायनिक खतांनी पीक चांगले ठेवले. रासायनिक खतांबरोबर शेणखत मिळालेल्या वाफ्यांनी ते सर्वांत अधिक टिकविले. सेंद्रियाच्या अभिमान्यांनीही एक गोष्ट विसरू नये. ताजा पेंढा किंवा पाला भरल्या पाण्यात गाडला तर चिखलातून मिथेन अधिक निघतो, आणि हवामान तापविण्याच्या कामी तो वायू फार प्रबळ आहे. खत कुजवून घालणे आणि अधूनमधून पाणी तोडणे हा त्यावरचा उपाय. निसर्गातून आले म्हणून ते निरुपद्रवी, असा नियम नाही.

या प्रवासाचा एक धागा पुन्हा कोकणातच येऊन मिळतो, आणि त्याचा आम्हांस विशेष आनंद आहे. डॉ. नारायण सावंत यांनी येथील शेतकऱ्यांसाठी भाताची ‘चारसूत्री’ पद्धत मांडली. पहिले सूत्र म्हणजे भाताचे तूस व पेंढा वाया न घालविता शेतास परत देणे. तुसाची काळी राख रोपवाटिकेत घातली की रोपास सिलिका मिळते. दुसरे, बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी गाडणे. तिसरे, दोरीवर पंधरा व पंचवीस सेंटिमीटरांच्या अंतराने नियंत्रित लावणी. चौथे, युरिया व डीएपी यांच्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या दर चार चुडांच्या चौकोनात मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे. हेक्टरी सुमारे ६२,५०० गोळ्या लागतात, वजन १७० किलोंच्या आत. खत चिखलात खोल राहिल्यामुळे ते वाहून जात नाही, उडून जात नाही. बारकाईने पाहिले तर राबातली राख येथे आहे, डोंगराचा टहाळ बांधावर उतरला आहे, जपानची ओळ आहे, शिओइरींची खोल पेरणी आहे आणि कारखान्याचे पोतेही आहे. जंगल तोडावे लागत नाही आणि पोते निम्मे वाया जात नाही. अडचण आहे ती मजुरीची. वाकून हजारो गोळ्या खोचावयाच्या त्या बायामाणसांनीच, आणि तरुण मंडळी मुंबईस. पोत्याचा भाव कमी करण्यासाठी सरकार पैसा खर्च करते. या वाकण्याची मजुरी मात्र कोणाच्याच अनुदानात बसत नाही.

आरंभी जी गोष्ट नोंदवून ठेवली होती तिच्याकडे आता वळू. जुने साधन काढून घेताना नव्याची तजवीज न करणे, ही चूक १८८० च्या दशकात जंगल खात्याने ठाणे-कुलाब्यात केली. तीच चूक नेमक्या उलट दिशेने आमच्या डोळ्यांदेखत श्रीलंकेत झाली. तेथील राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी २०१९ च्या निवडणुकीत सेंद्रिय शेतीकडे दहा वर्षांत जाण्याचे वचन दिले होते. २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद करण्यात आली. परकी चलनाची टंचाई हेही त्यामागे होतेच. तज्ज्ञांनी इशारे दिले. लाखो एकरांस पुरेल एवढे कंपोस्ट एका हंगामात निर्माण होणे शक्य नव्हते, आणि ते झाले नाही. नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली, पण हंगाम निघून गेला होता. २०२१-२२ च्या मुख्य हंगामात भाताचे उत्पादन आधीच्या वर्षाहून तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक घटले, आणि तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या त्या बेटास तांदूळ आयात करावा लागला. या घटनेने सेंद्रिय खत वाईट ठरत नाही, जसे १८८० च्या घटनेने जंगलरक्षण वाईट ठरत नाही. दोन्ही वेळा हेतू सांगण्यासारखा होता. दोन्ही वेळा खाचराला लागणारा माल कोठून येणार हे कोणी मोजले नाही, आणि दोन्ही वेळा त्या विसराची किंमत शेतकऱ्याने मोजली.

तात्पर्य, भाताचे खाचर कधीच केवळ स्वतःच्या मातीवर भरघोस पिकलेले नाही. त्याला डोंगराने पोसले, समुद्राने पोसले, शहराच्या मैल्याने पोसले, आणि गेल्या शतकात कारखान्याने पोसले. यातला प्रत्येक पोशिंदा काही तरी किंमत घेतो. डोंगर झाडे मागतो, गोठा चारा मागतो, कंपोस्टाचा खड्डा मजुरी मागतो, कारखाना नैसर्गिक वायू आणि परकी चलन मागतो. शेणखत की युरिया असा प्रश्न कोणी केला तर आम्ही प्रथम त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात किती जनावरे आहेत, बांधावर काय उगवते, घरात किती हात आहेत आणि सोसायटीचे किती देणे आहे, हे विचारू. उत्तर त्यात असते. वर्षानुवर्षे शेणखत वाढवीत नेऊन पोते कमी करीत जाणे बहुतेक गावांत शक्य आहे. एका सहीने ते होणार नाही, आणि ज्याच्या गोठ्यात एकही जनावर उरले नाही त्याला उपदेशाने तर मुळीच होणार नाही.

हे लिहीत असताना वैशाख आहे. घाटाखाली कोठे तरी राब धुमसत असेल. तो भाजणाऱ्याला सांगण्यासारखे शास्त्र आज आपल्यापाशी पुष्कळ आहे. व्होल्कर यांनी सांगण्याआधी गावोगाव हिंडून पाहिले होते. निदान एवढी रीत आपण त्यांच्यापासून उचलावी.